औषधाला न जुमानणारा खोकला आणि चांदीचे नॅनोकण

‘नॅनो सिल्व्हर’ किंवा ‘चांदीचे पाणी’ प्यायले की फुफ्फुसातले सगळे जंतू मरतात, असा प्रचार मोबाईलवर पाहायला मिळतो. घरात कुणाचा टीबी बरा होत नसेल, तर अशा बाटलीसाठी उसने पैसे काढायलाही माणूस तयार होतो. म्हणून यात खरे किती आणि धोका किती, ते या वेळी समजून घेऊ.

जंतू औषधाला का जुमानत नाहीत?

औषध सुरू झाले की आधी कमजोर जंतू मरतात. ताप उतरतो, भूक लागते, आणि बरे वाटले म्हणून आपण गोळ्या बंद करतो. मागे राहिलेले चिवट जंतू मग वाढतात आणि त्यांच्यावर ते औषध चालत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधे निकामी ठरली, तर त्या आजाराला एमडीआर टीबी म्हणतात. हा टीबी असलेला माणूस खोकला, की तेच चिवट जंतू हवेतून दुसऱ्याला लागतात. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर धोका साऱ्या घराला असतो.

चांदी काय करते?

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो आणि नॅनोकण शंभर नॅनोमीटरहून लहान. या कणांतून सुटणारी चांदी जंतूचे आवरण फाडते आणि त्याच्या आतली प्रथिने बिघडवते. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे जंतूला बचाव करणे जड जाते. प्रयोगशाळेत जुन्या प्रतिजैविकासोबत चांदी दिल्यावर त्या औषधाचा जोर वाढलेलाही दिसला आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ चांदी, जस्त, तांबे यांच्या कणांवर काम करीत आहेत.

भाजलेल्या जखमेवर चांदीयुक्त मलम अनेक वर्षांपासून लावतात. व्हेंटिलेटरच्या नळीला चांदीचा मुलामा देऊन उत्तर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साध्या नळीच्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण ७.५ टक्के होते, तर चांदीच्या नळीच्या रुग्णांत ४.८ टक्के. मृत्यू मात्र त्यामुळे कमी झाले नाहीत.

मग औषध म्हणून का घेऊ नये?

काचेच्या बशीत जंतू मारणे वेगळे आणि माणसाच्या फुफ्फुसात मारणे वेगळे. जी चांदी जंतूला मारते, ती जास्त झाली की आपल्या पेशींनाही इजा करते. अतिसूक्ष्म कण फुफ्फुसातून रक्तात जाऊ शकतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करणाऱ्या कामगारांना त्या धुराने ताप आणि खोकला येतो. धातू श्वासात जाणे म्हणजे काय, ते त्यांना विचारावे. बरेच दिवस चांदी पोटात घेतल्यास कातडी निळसर-राखाडी होते, आणि ती बहुधा कायमची तशीच राहते. शिवाय चांदीलाही दाद न देणारे जंतू सापडले आहेत.

टीबी किंवा न्यूमोनियावर मान्यता मिळालेले चांदीच्या नॅनोकणांचे औषध आज नाही. संशोधन चालू राहावे, त्याचे आपण स्वागतच करू. पण चाचण्या पूर्ण होण्याआधी कोणी बाटली विकत असेल, तर तो आपल्या अडचणीचा धंदा करतो आहे.

आज हातात काय आहे?

एमडीआर टीबी बरा होऊ शकतो. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार भारत सरकारने २०२४ मध्ये मंजूर केला. कोणत्या रुग्णाला तो द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

• दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन चालेल का, हे दोन्ही कळते.
• मेडिकलमधून मनाने प्रतिजैविक आणू नका. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असते, त्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
• गोळ्यांनी मळमळले, कानात आवाज आला, हातापायांत मुंग्या आल्या किंवा नजर अंधूक झाली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. स्वतःहून औषध थांबवू नका.
• उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. त्यासाठी नाव नोंदले आहे ना, ते आशाताईंकडून पाहून घ्या.
• घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करा. खिडकी उघडी ठेवा.

माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. चांदीच्या बाटलीचे पैसे डाळ, अंडी आणि दुधावर खर्च करा. रुग्णाच्या अंगात ताकद त्यानेच येईल आणि जंतू मारण्याचे काम पूर्ण घेतलेल्या गोळ्या करतील.