बोर्डाच्या नावावर जाऊ नकोस

अगं, पाषाणला सी-डॅकमध्ये एम्बेडेडच्या डिप्लोमाला आली आहेस ना, मग एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. यू-बूट या बूटलोडरचा कोड पहिल्यांदा उघडलास की 'आपल्याला हे जमायचं नाही' असं वाटेल. मनाला लावून घेऊ नकोस. तिथली नावंच फसवी आहेत.

समज, तुझ्यासमोर बीगलबोन ब्लॅक आहे. तू साहजिकच बीगलबोनच्या नावाचं कॉन्फिग शोधशील. पण चालतं ते 'एएम३३५एक्स-ईव्हीएम', म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) वेगळ्याच बोर्डाच्या नावाचं. चिप सितारा कुळातली, तिचा कोड मात्र 'मॅक-ओमॅप२' या फोल्डरात. मग ब्लॅक ओळखला जातो कुठे? बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये 'ए३३५बीएनएलटी' अशी खूण असते. सुरुवातीलाच कोड ती वाचतो आणि 'बोन-एलटी' ठरवतो. हे 'एलटी' म्हणजेच आपला ब्लॅक! जुन्या बीगलबोनवर डीडीआर२ मेमरी आहे, ब्लॅकवर डीडीआर३. इथे ओळख चुकली तर रॅमच नीट उठत नाही. म्हणून सांगते, ही नावं नुसती पाठ करून भागत नाही.

बूट होण्याच्या टप्प्यांच्या नावांचंही तसंच. एसपीएल म्हणजे दुसरा लोडर, टीपीएल म्हणजे तिसरा. पण जिथे दोन्ही असतात तिथे टीपीएल आधी चालतो. त्यात 'एसपीएल-बिल्ड' हे चिन्ह टीपीएलच्या बिल्डलाही लागू व्हायचं. अखेर २०२४ मध्ये ते बदलून 'एक्सपीएल-बिल्ड' केलं. बरं केलं, पण बऱ्याच आधी करायला हवं होतं. जुन्या कोडवर काम करताना तुला जुनंच नाव दिसेल, तेव्हा बिचकू नकोस.

माझं ऐकशील तर नावावरून अंदाज बांधूच नकोस. डेफकॉन्फिग उघड, त्यातली 'टार्गेट'ची ओळ पकड, ती केकॉन्फिगमध्ये शोध. तिथे 'सिस-व्हेंडर' आणि 'सिस-बोर्ड' सापडतील. या दोन्हींवरूनच बोर्डाचं फोल्डर ठरतं. आर्किटेक्चर, सीपीयू, चिप, बोर्ड अशी उतरंड स्वतःच्या वहीत काढ. हिंजवडीत मुलाखतीला गेलीस की हेच कामी येईल.

आणि उद्या नवा बोर्ड जोडायचं काम तुझ्याकडे आलं, तर चिपचं नाव बोर्डाला देऊ नकोस. तुझ्यामागून येणाऱ्या मुलीला ते वाचायचं आहे.