परवान्यावरचे वैभव

एका आभासी जगातील माझे दुकान एका रात्रीत बंद करणाऱ्या कंपनीच्या पत्राच्या आरंभी सहकार्याबद्दल आभार होते, अखेरीस शुभेच्छा होत्या, आणि मधल्या परिच्छेदात, जणू आनुषंगिक बाब म्हणून, असे नमूद केले होते की, दुकानाची जागा व गल्ल्यातील नाणी मला केव्हाच विकलेली नसून, त्यांच्या वापराचा, वाटेल तेव्हा रद्द होऊ शकणारा परवाना तेवढा दिलेला होता. रोख पैसे मोजून घेताना मात्र ही नाजूक तत्त्वचर्चा कोणी काढली नव्हती.

निमित्त झाले ते एका परदेशस्थ विक्रेत्याच्या तक्रारीचे. माझ्या दुकानातील लाकडी महिरप त्याच्या महिरपीची नक्कल आहे, असे त्याचे म्हणणे. वस्तुतः ती मी आमच्या आजोळच्या वाड्यातील महिरपीवरून घडवली होती, आणि तिच्या डावीकडच्या तिसऱ्या पाकळीवर कोणा पूर्वजाने कंदील टांगण्यासाठी ठोकलेल्या खिळ्याचे भोक हौसेने तसेच ठेवले होते. तेच भोक, त्याच पाकळीवर, त्या गृहस्थाच्या 'मूळ' कृतीत विराजमान होते! मूळ फायली, तारखा, वाड्याची छायाचित्रे असा सारा पुरावा मी सादर केला. उत्तरादाखल दर वेळी नव्या नावाचा कारकून तोच मजकूर पाठवीत राहिला. पुढे तक्रार मागे घेतली गेली. तथापि खाते पुनश्च उघडण्यास कंपनी बांधील नाही, असा हुकूम कायम राहिला. तक्रारदाराचे दुकान आजही बिनदिक्कत चालू आहे.

मिरासदार म्हणून नांदत असता आपण उपरी कूळ आहोत हे ज्यास कुळकर्ण्याने भरचावडीत ऐकवावे, त्याची जी अवस्था होईल ती माझी झाली. मागाहून ध्यानात आले की, हा पेच जुनाच आहे. 'सेकंड लाइफ' हे आभासी जग चालवणाऱ्या लिंडन लॅबने २००३ साली रहिवाशांच्या निर्मितीवरील बौद्धिक संपदा त्यांचीच राहील असे जाहीर केले खरे. परंतु पुढे मार्क ब्रॅग या वकिलाचे खाते बंद करून त्याची आभासी जमीन काढून घेतली, तेव्हा प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. २००७ साली न्यायाधीशांनी कंपनीचे लवादाचे कलम अन्यायकारक ठरवून फेटाळले, आणि नंतर उभयपक्षी तडजोड झाल्याने मालकीचा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली 'रूनस्केप' या खेळातील ताईत व मुखवटा मारहाण करून हिरावून घेणे ही चोरीच ठरवली. म्हणजे दुसऱ्या खेळाडूने हिसकावले तर चोरी; कंपनीने काढून घेतले तर मात्र करारनाम्याची अंमलबजावणी!

म्हणून, या वाटेने जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी धराव्यात. रचनेवरील हक्क आणि कंपनीच्या सर्व्हरवरील वस्तूचा कबजा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला आपला असू शकतो, दुसरा जवळपास कधीच नसतो. सबब मूळ फायली व पोत तारखेनिशी आपल्या संगणकावर ठेवावेत. वस्तूत एखादी सहज न दिसणारी खूण मुद्दाम राखावी. माझे भोक कंपनीपुढे निरुपयोगी ठरले, न्यायालयापुढे ठरेलच असे नाही. नक्कल, फेरफार आणि हस्तांतर या तिन्ही परवानग्या विक्रीपूर्वी वेगवेगळ्या तपासाव्यात. दुसऱ्याकडून काम करून घेतल्यास हक्कांचे लेखी हस्तांतर घ्यावे, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, ते न लिहिल्यास मुदत पाच वर्षे व प्रदेश भारतापुरता धरला जातो. करारनाम्यात खाते बंद करण्याचे कलम आणि दाद मागण्याचे ठिकाण ही दोन आधी वाचावीत, मग सजावट पाहावी.

गल्ला तर साठू देऊच नये; बँकेत वळता झालेला पैसाच आपला. बाकी सावध असावे, संयम राखावा, इत्यादी उपदेश सर्वांस ठाऊकच आहे. मी दोन्ही केले, आणि नुकसानीत त्याने दमडीचा फरक पडला नाही.