मदत की भरपाई? नारळ-सुपारीच्या वाडीचे गणित



"वादळ आले, सरकारने भरपाई दिली." निबंधात मुलं हे वाक्य हमखास लिहितात. ते फळ्यावर लिहा आणि 'भरपाई' या शब्दाखाली रेघ ओढा. सातवी-आठवीचा अख्खा तास या एका शब्दावर होतो, गणित आणि भूगोल दोन्ही साधून.

उदाहरण निसर्ग चक्रीवादळाचे घ्या. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या.

आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये होते. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवे आणि मर्यादा २ हेक्टरची. आता मुलांना विचारा, वाडी १० आर असेल तर किती? (सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, १ हेक्टर म्हणजे १०० आर. घरी बोलतात ते गुंठे. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, त्यामुळे पोरं अडत नाहीत.) उत्तर येईल १,८०० रुपये. पण निकषात किमान रक्कमही होती, २,००० रुपये. म्हणजे गणित बरोबर, तरी हातात येणारा आकडा वेगळा.

त्या वादळासाठी राज्य शासनाने हेक्टरी दर ५०,००० केला. आपल्या वाडीला ५,००० रुपये. तरी बागायतदारांची ओरड होतीच, आणि ती रास्त होती. कोकणातली वाडी गुंठ्यांची. नारळाच्या मधे सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ. पीक थराथरांत उभे आणि हेक्टर मोजतो फक्त जमीन! पुढे नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर ठरला. समजा १५ नारळ आणि १०० सुपाऱ्या पडल्या: ३,७५० अधिक ५,०००, एकूण ८,७५०.

वाडी तीच, वादळ तेच, उत्तरे तीन. असं का झालं, हे मुलांनाच सांगू द्या.

मग विचारा, सुपारीचे झाड धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्याचे ५० रुपये ही भरपाई झाली का? शासनाच्या कागदात शब्द 'मदत' असतो. पुन्हा उभे राहायला हातभार, एवढाच त्याचा अर्थ. गेलेल्या उत्पन्नाचा हिशेब त्यात नसतो.

रोपवाटिकेचे उदाहरण मी शेवटी ठेवतो, कारण तिथे वर्ग पेटतो. समजा ५ आर जागेत पिशवीतली ४,००० कलमे, प्रत्येकी ६० रुपयांची. माल २,४०,००० चा. हेक्टरी ५०,००० च्या हिशेबाने क्षेत्राला येतात २,५०० रुपये! आणि ३३ टक्के मोजायचे कशाचे, जागेचे की पिशव्यांचे? तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक अशा भूमिका देऊन गटांना पंचनाम्याचा नमुना करायला सांगा. पाण्याबरोबर वाहून गेलेल्या पिशव्या कशा मोजायच्या, हा प्रश्न कुणीतरी काढतोच.

एक सांभाळा. ज्या मुलाच्या घरचे असे नुकसान झाले आहे, त्याला आपणहून उभे करू नका. त्याला वाटले तर तो बोलेल.

गृहपाठ: २०२२ मध्ये ठरलेल्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० आणि किमान २,५०० रुपये होते. त्या हिशेबाने १० आर वाडीला किती मिळाले असते?