घरी उभारलेले लाकडी सी.एन.सी. राऊटर मेज

आपल्या सभासदांपैकी ज्यांचा धंदा लाकूड, प्लायवूड अथवा फर्निचर ह्यांच्याशी निगडित आहे, त्यांच्या दुकानी अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. गिऱ्हाईक मोबाईलवर एखाद्या जाळीचे चित्र दाखविते आणि "हे असेच कोरून मिळेल का?" असे विचारते. मोठ्या कारखान्यात ते काम होते. परंतु एकदोन नगांसाठी तेथे कोणी उत्सुक नसतो. अशा वेळी घरातील एखादा तरुण म्हणतो की, असे यंत्र आपणच का करू नये? प्रस्तुत लेख त्या तरुणासाठी, आणि त्याला पैसे देणाऱ्या वडील माणसासाठी आहे. बेळगावात आमची लाकडाची वखार आहे. माझ्या पुतण्याने व मी मिळून असे यंत्र दोनदा उभारले. पहिल्या खेपेस काय चुकले ते सांगितल्यावाचून दुसऱ्या खेपेचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. वेगाने फिरणारे पाते लाकडात चर पाडते, तो राऊटर सुतारकाम पाहिलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. हा राऊटर हाती न धरता एका आडव्या पुलावर बसवावा. पूल मेजावरून पुढेमागे सरकावा, राऊटर पुलावरून डावीउजवीकडे जावा व स्वतः वरखाली व्हावा. आणि ह्या तिन्ही हालचाली संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोटारींनी कराव्यात, एवढेच हे यंत्र होय. पुलास कारागीर 'गॅन्ट्री' म्हणतात. आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात, हेलिकॉप्टरची पाती करणाऱ्या जॉन पार्सन्स ह्यांना सुचली, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे यंत्र प्रत्यक्ष करून दाखविले. त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली मोठी कपाटे लागत. आज तेच काम तळहाताएवढी 'आर्डुइनो' पट्टी करते, आणि तीवर चालणारा 'जीआरबीएल' नावाचा २००९ पासूनचा आज्ञासंच कोणासही फुकट मिळतो. यंत्राचा मेंदू स्वस्त झाला आहे. त्याची हाडे मात्र ज्याची त्यालाच घडवावी लागतात.

आम्ही पहिले यंत्र फाल्गुनात उभारले. मोटारी, रेल, स्क्रू व बेअरिंगे विकत आणली. लाकूड तर आपलेच होते! वखारीत पडलेल्या सागवानाच्या तीन फळ्या शेजारी शेजारी चिकटवून मेजाचा पृष्ठभाग केला, त्याच्या दोन्ही लांब कडांवर रेल बसविल्या, आणि पुलासाठी एकच जाड फळी उभी केली. रोजमेळात लाकडाच्या नावे एक पैसाही पडला नाही, ह्याचे मला त्या वेळी कौतुक वाटले होते. आमच्याकडे अनेक वर्षे काम करणारे मेस्त्री मेज पाहून एवढेच म्हणाले, "अण्णा, फळ्या अशा जखडू नका. पावसाळ्यात जागा मागतील." मी त्यांना सागवानाची थोरवी ऐकविली. सागवान विकणाऱ्याने सागवान जाणणाऱ्यास ती ऐकवावी, हे आता आठवले की ओशाळल्यासारखे होते.

चैत्र-वैशाखात यंत्र सुरेख चालले. नावाच्या पाट्या झाल्या, दोन देवघरांच्या जाळ्या झाल्या. श्रावणात जवळच्या खेड्यातील एक गृहस्थ आले. त्यांचा जुना वाडा उतरविला होता. त्यातील एका तुळईच्या फळ्या पाडून आणल्या होत्या, आणि नव्या घरातील देवघराच्या दारांवर त्यांस पिंपळपानांची जाळी हवी होती. यंत्र लावून दिले. चातुर्मास असल्याने दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकावे म्हणून आम्ही दोघेही घरात गेलो. परत येऊन पाहतो तो अर्धी जाळी जागेवर, आणि उरलेली चार मिलिमीटर बाजूस सरकलेली! पानांचे देठ तुटले होते, आणि यंत्र आपले काम निष्ठेने पुढे करीतच होते.

त्या गृहस्थांनी रागाचा शब्द काढला नाही. फळी हाती घेऊन, ही तुळई आजोबांनी बैलगाडीने आणली होती, एवढेच ते म्हणाले. आम्ही तेवढेच सागवान बदली दिले व ते त्यांनी नेले. परंतु त्या तुळईचे लाकूड आमच्या वखारीत नव्हते.

असे का झाले? दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली लाकडाची. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली म्हणजे लाकडातील पाणी सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८५ ते ९० वर गेली की ते १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. ह्या चढउताराने फळी लांबीत जवळजवळ मुळीच बदलत नाही, पण रुंदीत फुगते. सागवान इतर अनेक जातींहून कमी फुगते हे खरे. तरीही ३०० मिलिमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकाने तीन मिलिमीटरच्या आसपास वाढू शकते. म्हणूनच तर जुने सुतार दाराच्या चौकटीत पॅनेल खोबणीत मोकळे सोडीत. आम्ही तीन फळ्या जखडून त्यांच्या कडांवर रेल ठोकल्या होत्या. मेज फुगले, रेल एकमेकींपासून दूर ढकलल्या गेल्या, आणि पूल अडकू लागला.

दुसरी गोष्ट मोटारीची. ह्या यंत्रांत बहुधा स्टेपर मोटार असते. तिला विजेचा एक ठोका दिला की ती ठरलेल्या अंशाने फिरते. नेहमीच्या मोटारीत एका फेऱ्याचे २०० टप्पे असतात. पण पूल अडकला, मोटार जोर पुरेनासा होऊन जागीच थरथरली व काही टप्पे हुकले, तर ते तिला कळत नाही आणि नियंत्रकासही कळत नाही. तो आपल्या वहीत पूल योग्य जागी पोहोचला असेच लिहितो. शिल्लक न मोजता रोजमेळ बंद करणाऱ्या मुनिमासारखा हा प्रकार आहे.

दुसरे यंत्र आम्ही पुढल्या वर्षी केले, आणि आरंभ लाकडापासून केला. चौकटीसाठी १८ मिलिमीटरचे आय.एस. ७१० प्रतीचे प्लायवूड घेतले. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्याने एका थराची रुंदी दुसऱ्या थराच्या लांबीने धरून ठेवली जाते, आणि ओलाव्याने होणारा बदल फारच थोडा राहतो. मेज म्हणजे एक सपाट पेटीच केली: खाली एक तक्ता, वर एक तक्ता, आणि मध्ये १०० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांची चौकटी जाळी, दर १५० मिलिमीटरवर एक. पूलही तसाच बंद पेटीचा केला. ह्यामागील गणित साधे आहे. तुळईची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. उलट दोन आधारांतील अंतर दुप्पट केले तर तीच तुळई आठपट अधिक वाकते. म्हणून पहिले यंत्र लहान करावे. आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता मावेल असे मेज पहिल्याच खेपेस करण्याचा मोह तरुणांस हटकून होतो, तो वडिलांनी मोडून काढावा. शिवाय राऊटर पुलाच्या पुढे लोंबत असल्याने कापताना पूल नुसता वाकत नाही, त्याला पीळ पडू पाहतो. आणि पीळ सोसण्यात एकट्या फळीपेक्षा बंद पेटी कितीतरी पटींनी सरस असते.

पेटी चिकटविण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. चारही कोपऱ्यांतून तिरप्या दोन दोऱ्या ताणाव्यात. त्या मध्यभागी एकमेकींस नेमक्या टेकल्या पाहिजेत. टेकल्या नाहीत, अथवा एकीने दुसरीस दाबले, तर मेजास पीळ आहे. मग कर्ण मोजावेत. ६०० बाय ८०० च्या चौकटीचा कर्ण नेमका १००० भरतो. एखादी ६०० ची बाजू केवळ एक मिलिमीटर कलली, तर दोन कर्णांत सुमारे १.६ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे गुण्यास न दिसणारी चूक फीत उघड करते. हे समाधान झाल्यावरच गोंद लावावा. गोंद वाळल्यावर पॉलियुरेथेनचे दोन हात सर्व बाजूंस व विशेषतः कडांस द्यावेत. दिसणाऱ्या बाजूसच हात दिला तर उलट बाजू ओलावा पीत राहते व तक्ता बाक घेतो.

रेल बसविताना एक रेल सरळ पोलादी पट्टीस लावून पक्की करावी. दुसरी सैल ठेवावी. पूल हाताने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवीत, ती जेथे स्थिरावेल तेथे एकेक बोल्ट आवळावा. प्लायवूडच्या कडेत स्क्रू मारू नये, थर फाटतात. आरपार बोल्ट घालून रुंद वॉशर द्यावेत. पूल एका बोटाने सरकेपर्यंत मोटार जोडू नये. आम्ही पहिल्या खेपेस मोटारीच्या जोरावर भरवसा ठेवून ही पायरी उरकून टाकली होती.

मोटारींचे गणित व्यापाऱ्यास कठीण नाही. एका फेऱ्याचे २०० टप्पे, ड्रायव्हरने प्रत्येकाचे आठ भाग केले म्हणजे १६०० ठोके. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जाणारा बॉलस्क्रू असला तर १६०० भागिले ५, अर्थात दर मिलिमीटरास ३२० ठोके. हा आकडा नियंत्रकास द्यावा, पूल ५०० मिलिमीटर चालवावा आणि मोजावे. मोठी तफावत आली तर आकडा बदलण्याची घाई करू नये. आधी मोटार व स्क्रू जोडणारे कपलिंग ढिले आहे काय ते पाहावे.

शेवटी मेजावर एम.डी.एफ.चा तक्ता लावून, रुंद पात्याने यंत्राकडूनच त्याचा वरचा अर्धा मिलिमीटर थर काढावा. यंत्र स्वतःचे मेज स्वतःच रंधते, ही मौज पाहण्याजोगी आहे. मात्र ह्याने फार हुरळून जाऊ नये. मेज पात्याशी समांतर होते, एवढेच. पुलाचा काटकोन चुकला असेल तर तो ह्याने दुरुस्त होत नाही. चौकटीत दोष असला तर यंत्र तो इमानाने प्रत्येक नगात उतरविते.

पहिल्या कामास सागवान घेऊ नये. दोन धारांचे ६ मिलिमीटरचे पाते, १८,००० फेरे आणि दर धारेस ०.०५ मिलिमीटर भुसा धरल्यास चाल मिनिटास १८०० मिलिमीटर येते. लाकडी यंत्राने तिच्या निम्म्यापासून सुरुवात करून आवाज ऐकत वाढवावी, आणि एका वेळी दोन मिलिमीटरांहून खोल जाऊ नये. पण फार हळूही चालवू नये. पाते कापण्याऐवजी घासू लागते, लाकूड काळे पडते व धार जाते. प्रथम एक चौरस व एक वर्तुळ कापावे. चौरसाचे कर्ण काटकोन सांगतील. आणि वर्तुळ चार ठिकाणी चपटे निघाले, तर दिशा बदलताना स्क्रूच्या नटात ढिलाई आहे असे समजावे.

सुरक्षिततेविषयी थोडे, पण ते वगळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीस माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. वखारीत जन्म गेलेल्या आपल्यासारख्यांस भुशाचे काही वाटत नाही, म्हणूनच धूळ ओढणारा पंप व नाकावर चांगला मुखवटा हा यंत्राचाच भाग समजून त्याचा खर्च आरंभीच धरावा. अर्थिंग हवेच. तांबडे थांबण्याचे बटण मोटारींबरोबर राऊटरचीही वीज तोडील असे जोडावे; आमच्या पहिल्या यंत्रात ते केवळ मोटारी थांबवी आणि पाते गरगरत राही. उपरणे, पदर, सैल बाही यंत्राजवळ नको. आणि यंत्र चालू असताना कोणीतरी शेजारी असलेच पाहिजे, मग जेवण थंड झाले तरी चालेल.

हे करावे की विकत घ्यावे? दिवसाचे आठ तास दारे कोरावयाची असतील तर पोलादी यंत्रच घ्यावे; लाकडी यंत्र त्या राबणुकीस टिकणार नाही. नमुने, पाट्या, जाळ्या, सुताराचे साचे आणि मुख्यतः घरातील मुलास यंत्र आतून समजणे, ह्यासाठी मात्र हे पुरे आहे. दुसऱ्या यंत्राच्या जमाखर्चात प्लायवूड व गोंद ह्यांस एकूण खर्चाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी पडले. तेवढ्यावर उरलेले सहा हिस्से उभे आहेत.

आमचे हे यंत्र आजवर दोन पावसाळे चालले आहे. मृगाचा पाऊस पडला की आणि दसरा झाला की, अशा वर्षातून दोन वेळा पुतण्या कर्ण मोजून भिंतीवर लिहितो. गेल्या खेपेस अर्ध्या मिलिमीटराचा फरक निघाला. चार बोल्ट सैल करून पूल पुन्हा लावला, त्याला एक दुपार लागली. त्या वेळी मेस्त्री शेजारी दोरी धरून उभे होते. मापांचा कागद वखारीत ठेवलेला आहे. ज्या सभासदांस हवा असेल त्यांनी येऊन न्यावा, आणि येताना आपल्या घरचा तो तरुणही बरोबर आणावा.