जागा नाही, खेळणी नाहीत. बालवाडी कशी चालवायची?

प्रश्न : आमच्या चाळीतल्या बचत गटाला तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू करायची आहे. खोली नाही, खेळण्यांना पैसे नाहीत. वर पालक विचारतात, नुसतं खेळून काय शिकणार? – एक वाचक, कल्याण पूर्व

उत्तर : खोलीसाठी अडून राहू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. तुमचा व्हरांडा दोन तासांना पुरे.

साधनं घरातच आहेत. बरण्यांची मोठी झाकणं रंगांप्रमाणे लावताना मूल वर्गीकरण शिकतं, मोजून ताटात ठेवताना संख्या. तांब्यातून वाटीत न सांडता पाणी ओततं, कणकेचे गोळे वळतं, तेव्हा पुढे पेन्सिल धरणारी बोटं तयार होत असतात. चिंचोके, मणी मात्र लहानग्यांपासून दूरच ठेवा, नाका-घशात अडकतात. मुलं खेळातून शिकतात हे पालकांना भाषणातून पटत नाही. रोज दोन आयांची पाळी लावा, त्या स्वतःच पाहतील.

जवळच्या अंगणवाडी सेविकाताईंना आधी भेटा. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीची नोंद तिथे होते. ते मुलांचं सुटता कामा नये. आणि पावसाळ्यात व्हरांड्यात झड येत असेल, तर समाजमंदिरासाठी आत्ताच शब्द टाकून ठेवा.