घरच्या ओंडक्याची फळी : यंत्र मांडण्याआधी आणि मांडताना



गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात वैजापूर तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका भिल्ल वस्तीवर एका मावशींच्या बांधावरचा जुना लिंब उन्मळून पडला. व्यापारी आला आणि सरपणाच्या भावाने मागू लागला. मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, घराला दार नाही माझ्या. आणि एवढ्या लिंबाचं सरपणच करायचं का?"

मी सुतारकाम शिकवतो. त्याआधी काही वर्षे लाकूड कापण्याच्या गिरणीत होतो. मुलांनी मोबाईलवर हलवता येणारे बँडसॉ यंत्र पाहिले होते. आपल्यापैकी काहींच्या देणगीतून आम्ही तसे एक जुने यंत्र घेतले. पुढे काय झाले, त्याचा हिशेब आणि त्यातून मिळालेला धडा असा दोन्ही मिळून हा लेख आहे.

यंत्र कसे चालते

मोठ्या आरागिरणीत ओंडका सरकतो, पाते जागेवर असते. या यंत्रात उलटे आहे. ओंडका जमिनीलगत आडवा जखडलेला असतो आणि इंजिन, दोन चाके व त्यांवर फिरणारे पट्ट्यासारखे पाते असा सगळा सांगाडा रुळांवरून पुढे ढकलतात. पाते पातळ असल्याने एका कापात साधारण अडीच मिलिमीटर लाकूड भुशात जाते. जाड गोल करवतीत सहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाते. दहा काप घेतले, तर २५ आणि ६० असा फरक पडतो. म्हणजे एक इंचाची एक पूर्ण फळी वाचते. गरिबाच्या ओंडक्याला हे थोडके नाही.

मांडणी

१. जागा : आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर रूळ ठेवले, तर महिनाभरात वाकडे होतात. वीतभर माती काढून मुरूम भरावा, चोपावा आणि त्यावर आडवे दांडे टाकून रूळ बसवावेत.

२. पातळी : गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. दोन्ही रूळ चारही टोकांना एका पातळीत हवेत. इथे बोटभर चूक राहिली, तर फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते.

३. पाते : बाभूळ, लिंब यांसारख्या कठीण लाकडाला दाताचा कल कमी असलेले पाते घ्यावे. ताण कमी पडला, तर काप लाटेसारखा येतो. काम संपले की ताण सैल करून ठेवावा. चालताना पात्यावर पाण्याची बारीक धार सोडावी.

४. ओंडका : मातीने माखलेली साल दाताची धार खाते, म्हणून आधी ती खरवडून काढावी. बांधावरच्या झाडात खिळे आणि तारा असतात. चुंबक फिरवून पाहावे.

५. काप : पहिली पाठ काढली की ओंडका फिरवून चारही बाजू चौकोनी कराव्यात, मग फळ्या पाडाव्यात.

६. जीव : पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. उपरणे, ओढणी, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे हवेत. पाते बदलताना इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. लहान मुले आसपास नकोत.

माझी चूक

मुरूम चोपला, रूळ बसले, मुले उत्साहात होती. आदल्या दिवशी ओंडका आणण्याबाबत विचारायला मी वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितले, "गुरुजी, बँडसॉ म्हणजे आरागिरणीच. चाकांवर असला म्हणून परवाना चुकत नाही."

हे मला आधी ठाऊक असायला हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून आरागिरण्यांवर बंधने आणली. २०१६ साली केंद्र सरकारने लाकूड-उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार नव्या परवान्याचा प्रश्न राज्यस्तरीय समितीपुढे जातो. मी देणगीचा पैसा आधी खर्च केला आणि चौकशी मागाहून केली. उद्या एखाद्या मुलावर गुन्हा दाखल झाला असता, तर त्याची नोकरी आणि माझी तोंड दाखवायची जागा, दोन्ही गेली असती. यंत्र ताडपत्रीखाली ठेवले आहे. अर्ज केला आहे. परवाना मिळेपर्यंत ते सुरू होणार नाही.

झाडाबाबतही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडे स्वतःच्या शेतात असली, तरी तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. आणि आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदाराने कवडीमोलाने झाडे नेऊ नयेत, म्हणून तो केला गेला. कोऱ्या कागदावर अंगठा देण्याआधी तहसील आणि वन कार्यालयात विचारावे.

मग दाराचे काय झाले?

आम्ही ओंडका परवानाधारक गिरणीत नेला. जाण्याआधी मावशींच्या नातवाने दोरीने माप घेतले. घेर ४ फूट, लांबी ८ फूट. व्यापारी पद्धत अशी : घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग लांबीने गुणायचे. १ × १ × ८ म्हणजे ८ घनफूट. खरे लाकूड मात्र दहा घनफुटांच्या थोडे वर भरते. हा फरक पाठ आणि साल यांसाठी धरला जातो, पण विकणाऱ्याला तो माहीत असावा. नातवाने हिशेब करून दाखवला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही मापच विचारलं नाही."

फळ्या सावलीत रचल्या. प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, वरखाली एका रेषेत ठेवल्या. टोकांना जुना रंग फासला, कारण आपल्याकडच्या कोरड्या उन्हात फळी टोकाकडून आधी तडकते. वर दगडांचे वजन ठेवले. घाई केली नाही. हिवाळा सरल्यावर मुलांनी दार केले. ते आता मावशींच्या घराला आहे. उरलेल्या फळ्यांतून वसतिगृहाला दोन बाके झाली.

वस्तीवर बसून बोलण्यासाठी

१. आपल्या बांधावरच्या एका झाडाचा घेर मोजा आणि घनफूट काढा.
२. ते झाड १९६४ च्या कायद्याच्या यादीत आहे का, हे तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे विचारा.
३. तालुक्यात परवाना असलेली गिरणी कुठे आहे आणि ती कापणावळ किती घेते, ते लिहून आणा.

परवान्याचे काय झाले, ते जसे असेल तसे आपल्याला कळवीन.