कोरी जागा

वर्धा, रविवार दुपार

चि. मनू हीस अनेक आशीर्वाद.

परवा पंकज नागपूरहून आला. कौतुकानं सांगत होता, "मनू आता एकही ब्लँक सोडत नाही. ब्लँक दिसले की एडिटर टोकतो, ट्रेनीचं कन्फर्मेशन लांबतं. म्हणून ती जुळेल ते टाकून देते." तो हसत होता, माझ्या घशाखाली चहा उतरेना. खरं आहे का हे?

अमेरिकेतला डॉक्टर त्याच्या दिवसा बोलतो, तू रात्री हेडफोन लावून टाइप करतेस. तो घाईत असतो, शब्द गिळतो, सगळं कबूल. पण हायपरटेन्शन की हायपोटेन्शन, हे न ऐकता तू कशावरून ठरवतेस? एकात रक्तदाब चढलेला, दुसऱ्यात उतरलेला. इलियम तर कानाला एकच. स्पेलिंगमध्ये मधे आय आला तर कमरेचं हाड, ई आला तर आतडं. पॅडल दाबून तीनदा मागे जा. औषधाच्या नावावरून आजार कळतो का बघ. तरी नाही कळलं तर जागा कोरी सोड आणि कितव्या मिनिटाला अडलं ते लिहून दे. एडिटरला पगार त्याचाच मिळतो.

आता बरंचसं मशीनच टाइप करतं, ते आम्ही नुसतं तपासतो, असं दिवाळीत म्हणालीस. मशीनला कोरी जागा सोडायची अक्कल नसते, ते ठोकून देतं. तूही ठोकूनच देणार असशील तर तुला तिथे बसवलं कशाला?

तुझ्या आईलाही न सांगितलेली गोष्ट सांगते. 1986 साली मी एका दवाखान्यात टायपिस्ट म्हणून नवीनच लागले होते. इंग्रजी चाळीसची परीक्षा पास, त्याचा केवढा तोरा! हृदयाच्या एका म्हाताऱ्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड होतं. डिगॉक्सिनपुढे पॉइंट आहे की शाईचा ठिपका, कळेना. विचारायला जायची लाज वाटली. हिला एवढंही वाचता येत नाही म्हणतील. मी 25 मिलिग्रॅम टाइप केलं. हवं होतं 0.25. शंभरपट! कंपाउंडर काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं, "ताई, ही गोळी एवढी येतच नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहेर बाकावर तो म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, मला बघून नमस्कार केला त्यानं.

तेव्हापासून पॉइंटआधी शून्य घातल्याशिवाय माझं बोट पुढे सरकलं नाही. तू घालतेस ना?

फार बोलले. कान दुखतात का गं अजून? मराठी शाळेतली पोर तू, पहिल्या महिन्यात उच्चार कळत नाहीत म्हणून रडायचीस, ते का मी विसरले? सुट्टीत ये. सेवाग्रामच्या ओपीडीत माझे गुडघे दाखवायचे आहेत. 1969 पासून देशभरातली पोरं तिथे डॉक्टर व्हायला येतात. केरळचं इंग्रजी वेगळं, बंगालचं वेगळं. माझा नंबर येईपर्यंत बाकावर बसून ऐकत राहा.

पंकजनं तिखटमीठ लावलं असेल तर तसं कळव, मी त्याचे कान धरीन. आणि खरं असेल तर आजपासून ब्लँक सोड. कन्फर्मेशन लांबलं तर लांबू दे. होस्टेलचे पैसे मी भरीन. पेन्शन काय उशाला घेऊन झोपायची आहे?

गोरसभांडारातून गोरसपाक आणून डब्यात ठेवलाय. शिफ्ट सुटल्यावर पहाटेची गाडी मिळाली तर फोन कर. मी स्टेशनवर येते.

तुझी,
मावशी